पायमशीनवरची वीज

सत्तरच्या सुमारास मी धुळ्यात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. घरात मी आणि आई, दोघीच. आई बायकांचे कपडे शिवायची. स्थिर विजेचा धडा आला की मी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवायची आणि मागच्या बाकावरच्या मुलींना काही दिसायचं नाही. म्हणून एका मार्चमध्ये मी ठरवलं, ठिणगी पाडणारं यंत्र घरीच करायचं.

पुस्तकातली आकृती साधी होती. खाली एक रूळ, वर एक रूळ, दोन्हींवरून फिरणारा पट्टा आणि वरच्या टोकाला धातूचा पोकळ गोळा. पट्टा खालून विद्युतभार वर नेतो, तो गोळ्यावर साठत जातो. खांबासाठी सुताराकडून दोन सागवानी पट्ट्या आणून त्यांना गरम मेण पाजलं. वरचा रूळ म्हणजे परीक्षानळी, खालचा लाख चढवलेला लाकडी. जेवणाचे दोन मोठे पितळी वाडगे तोंडाला तोंड लावून जोडले, तो झाला गोळा. पट्ट्याजवळ वर-खाली तारांचे ब्रश लावले. फिरवायचं कशानं, हा प्रश्न राहिला. आईनं शिवणाच्या मशीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझे पाय दिवसभर हलतातच." मशीनच्या मोठ्या चाकावरची चामडी दोरी तिनं वरच्या लहान चाकावरून काढली आणि माझ्या खालच्या रुळावर चढवली.

पट्टा मी सायकलच्या ट्यूबचा केला होता. आई पाय मारून दमली, पण गोळा मुकाच. चार-पाच दिवस मी खांब बदल, तारा बदल, असं करत राहिले. मग लक्षात आलं की काळ्या रबरात काजळी असते, म्हणजे जमलेली वीज पट्ट्यातूनच निसटत होती. एका मारवाडी घरच्या लग्नाच्या शिवणातून रेशमाची लांब पट्टी उरली होती. ती जोडून चढवली. आईनं पाय सुरू केले, मी गोळ्याजवळ बोटाचं पेर नेलं आणि चट्‌ असा आवाज होऊन निळी रेघ बोटावर आली. आई म्हणाली, "लागलं का?" मी म्हणाले, "लागलं." तिनं पाय थांबवले नाहीत.

एप्रिलच्या कोरड्या हवेत ठिणगी चार बोटं लांबूनही यायची. मी यंत्र शाळेत नेऊन दाखवलं, परत आणलं आणि मोडायचं राहून गेलं.

मूळची सोनगीरकडची एक अक्का शेजारी राहायची. तिचा उजवा खांदा आखडला होता, हात कानापर्यंतही जात नसे. पोलक्याचं माप द्यायला आली तेव्हा मी वही तपासत होते आणि आई सहज यंत्र फिरवत होती. अक्कानं तिच्या अहिराणीत "हाई काय शे?" म्हणत बोट पुढे केलं. चटका बसताच तिचा हात उडाला तो थेट डोक्याच्या वर.

"देख व माय, मना हात वर गया!"

मी तिला सांगितलं की दचकल्यामुळे हात झटकला गेला, यात औषध काही नाही. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखणाऱ्या दोन बायकांना घेऊन आली.

मेअखेर आमच्या ओट्यावर रोज दुपारी बायका बसू लागल्या. मी प्रत्येकीला तेच सांगायची. त्या माना डोलवायच्या आणि बोट पुढे करायच्या. आईला मी म्हणाले, "तू कशाला फिरवतेस?"

"मी कुठे म्हणते बरं होईल म्हणून? त्या येतात, बसतात, बोलतात. इतकी वर्षं या मशीनवर मी एकटीच बसले होते."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर सतरंजी मीच अंथरली.

जुलैत एक म्हातारे शेतकरी एसटीनं आले. सोबत बायको होती. लकव्यानं तिचा एक हात निर्जीव झाला होता. अक्काच्या माहेरच्या गावात त्यांनी यंत्राबद्दल ऐकलं होतं. बाहेर झड लागली होती. आईनं यंत्र फिरवलं, पट्टा फिरला, पण ठिणगी पडली नाही. आई वेग वाढवत राहिली. तिच्या कपाळावर घाम आला.

म्हातारे मला म्हणाले, "बाई, आमच्याच वेळेला का नाही?"

हवेत ओल असली की वीज साठत नाही, हे मी समजावलं.

"मग उन्हाळ्यात येतो आम्ही."

"नाना, उन्हाळ्यात ठिणगी पडेल. हात बरा होणार नाही. यातून कोणाचंच काही बरं झालेलं नाही."

त्यांची बायको अडखळत म्हणाली, "बरं झालं सांगितलं. हे मला देवळोदेवळी हिंडवतात. आता घरी बसू द्या म्हणावं." आईनं चहा ठेवला. त्या बाईनं चांगल्या डाव्या हातानं कप धरून तो सावकाश संपवला. जाताना म्हाताऱ्यांनी आईला नमस्कार केला, मला केला नाही.

त्या संध्याकाळी मी यंत्र सुटं करायला घेतलं. आईनं पाना हातात दिला, पण दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. अक्का मात्र खरी रागावली. मी मुद्दाम बंद केलं, शिकलेल्या बायकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही, असं तिनं गल्लीत सांगितलं आणि पोलकी दुसरीकडे शिवायला टाकली. ओट्यावरच्या बायका हळूहळू यायच्या थांबल्या. दोघी-तिघी शिवणाच्या निमित्तानं येत राहिल्या आणि काम झालं तरी बसून राहायच्या.

अक्काचा हात खाली आला नाही. वरच्या तारेवरचे कपडे ती उजव्या हातानं काढायची. आमच्या खिडकीतून ते दिसायचं. मी शाळेतल्या एका डॉक्टर पालकांना विचारलं. आखडलेला खांदा कधी कधी आपोआप मोकळा होतो, असं ते म्हणाले. हे अक्काला सांगायला मी गेले नाही.