गुंजेच्या मापाचं काडतूस

इंग्रजी पुस्तकातला ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराची गुंज, असं मी समजलो. कुणाला विचारलं नाही. या समजुतीपायी आमच्या शेजारचा एक म्हातारा माणूस पनवेल सोडून गेला.

त्यांना मी काका म्हणायचो. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावात त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणत. घाण्याला त्यांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी हात लावला नव्हता, तरी काका ते नाव हसून चालवून घेत. तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरकी केली आणि सुटीच्या दिवशी शिकार. कर्नाळ्याच्या पायथ्याला रानडुकरं शेतात उतरली की निरोप काकांना यायचा. मारायचे ते, खायचे दुसरे, कारण त्यांच्या धर्मात डुक्कर वर्ज्य. "माझ्याइतका निःस्वार्थी शिकारी अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दाखव," असं ते मला म्हणायचे.

मग अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. दुनळी बंदूक एका हातानं पेलत नाही, ती गेली. राहिलं ते एका गोऱ्या साहेबानं देश सोडताना विकलेलं रिव्हॉल्व्हर. परवान्यावर रीतसर चढवलेलं, धूड. नळीत माझी करंगळी जायची. काका ते एका हातानं चालवायला शिकले आणि त्या हातानं त्यांनी दोन डुकरंही पाडली. तिसऱ्याच्या वेळी काडतुसं संपली. मुंबईच्या दुकानदारानं सांगितलं, हे माप आता विलायतेतही निघत नाही, आणि निघालं तरी आयात बंद आहे.

काकांचा मुलगा इस्रायलला जाऊन स्थिरावला होता. काकू वारल्यापासून तो दर महिन्याला लिहायचा, इकडे या, एका हातानं तिथं एकटे काय करता. काकांनी एकदा वैतागून उत्तर धाडलं: डुक्कर मारतो. या थंडीत एक पाडलं तर मी इथंच मरेन, नाही पाडलं तर बोटीचं तिकीट काढ. पत्र टाकून आले आणि मला सांगून मोकळे झाले.

"कशाला लिहिलंत असं?" मी विचारलं.

"त्याला वाटतं मी निकामी झालो. तिथं जाऊन बसायचं, सून सूप देणार, ते प्यायचं. माझ्याशी मराठीत भांडायला कोण आहे तिथं?"

"पण काडतूस कुठाय?"

"तेच तर त्याला लिहिलं नाही," काका म्हणाले.

इथं मी तोंड उघडलं. मी भाताच्या गिरणीत फिटर. गिरणीच्या वर्कशॉपात एक जुना लेथ होता आणि माझ्या अंगात नको तेवढी हुशारी. मी म्हणालो, "काका, काडतूस मी करतो."

नुसतं जुन्याची नक्कल केली असती तरी कदाचित निभावलं असतं. पण नक्कल करणं मला कमीपणाचं वाटलं. मी नवीन काडतूस रचायला घेतलं. रायफलच्या काडतुसांच्या जाड्या रिकाम्या पितळी नळ्या कापायच्या, बूड तासून रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत बसवायचं, वर शिशाची वजनदार गोळी. मूळ काडतुसापेक्षा लांब, म्हणजे दारू जास्त, म्हणजे डुक्कर जागच्या जागी. गिरणीच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर मी त्याची चित्रं काढली. नाव ठेवलं 'पनवेल नंबर एक'. बुडावर 'प १' उमटवायचा ठसा करण्यात मी तीन आठवडे घालवले. दारूचं माप ठरवायला एक दुपार दिली.

माप काकांच्या जुन्या इंग्रजी पुस्तकात होतं. माझं इंग्रजी मशिनवरच्या पाट्या वाचण्याइतपत. पुस्तकात दारूचं वजन ग्रेनमध्ये दिलेलं. डिक्शनरीत पाहिलं, ग्रेन म्हणजे दाणा. गिरणीतला माणूस मी. आधी तांदळाचाच दाणा काट्यावर ठेवला. पण कोलमाचा दाणा वेगळा, जाड्या भाताचा वेगळा, आणि तुकडा आला तर तिसराच. साहेब काही तांदळानं दारू मोजणार नाही, एवढी अक्कल मला होती. मग सोनाराकडे गेलो. त्याला विचारलं, तुमच्यातलं सगळ्यात लहान माप कोणतं?

"गुंज," तो म्हणाला. "त्याच्याखाली आम्ही बघत नाही."

गुंज हाही दाणाच की, लाल, तोंडाशी काळा. सगळे जवळजवळ सारख्या वजनाचे. मला एवढं पटलं की सोनाराला पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही. पुस्तकात जितके ग्रेन तितक्या गुंजा टाकून मी दारू तोलली, नळी लांब म्हणून थोडी वाढवली आणि वर शकुनाची एक गुंज. शुभकार्यात सव्वा करायची आपली पद्धत. मला वाटलं, इथंही चालेल.

काकांनी एकदाच विचारलं होतं. "दारू नीट तोललीस ना?"

"सोनाराच्या काट्यावर, काका."

"मग झालं," ते म्हणाले.

त्यांना काट्यावर भरवसा होता. पारड्यात काय होतं ते त्यांनी विचारलं नाही, आणि मी आपण होऊन काही सांगितलं नाही.

एका सकाळी आम्ही कर्नाळ्याखालच्या एका आगरी शेतकऱ्याच्या रानात गेलो. त्याची रताळी डुकरांनी दोनदा उकरली होती, त्यामुळे तोही आशेनं उभा होता. मी काडतूस चक्रीत घातलं. ते अगदी झकास बसलं, ते मात्र सांगायलाच हवं. रिव्हॉल्व्हर काकांच्या हातात द्यायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतला. "नवीन औषध पहिल्यांदा आपल्या पोटात घालायचं नाही."

शेतकऱ्याच्या बांधाला बैलगाडीचं मोडकं चाक टेकवलेलं होतं. दोन आऱ्यांच्या मधे मी रिव्हॉल्व्हर काथ्यानं जखडलं, घोड्याला सुतळी बांधली आणि आंब्याच्या खोडाआडून ओढली.

आवाज झाला तो बंदुकीचा नव्हता. जाऊन पाहिलं तर चक्रीची तीन घरं उकललेली, वरची पट्टी बेपत्ता आणि चाकाचा एक आरा मोडलेला. मुठीचं लाकूड तेवढं शाबूत होतं. काका उकिडवे बसले आणि ते उजव्या हातानं चाचपू लागले.

"किती दारू होती?" त्यांनी विचारलं.

मी ग्रेनचा आकडा सांगितला.

"एवढ्यानं हे होत नाही. ग्रेन कशानं तोललेस?"

मी खिशातून गुंजांची पुडी काढली. त्यांनी एक गुंज तळहातावर घेऊन पाहिली.

"ही जवळजवळ दोन ग्रेन भरते रे," ते म्हणाले. "तीस वर्षं ग्रेननं औषधं बांधली मी. तुझं घर आणि माझं घर यांच्यामधे एकच भिंत आहे."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गुंज परत पुडीत टाकली, पुडी नीट बांधली, कंपाउंडर बांधतात तशी, आणि माझ्या हातात दिली.

मोडकं रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून परवान्यासकट जमा करायला आम्ही कचेरीत गेलो. कारकुनानं रजिस्टरात शेरा लिहिला, 'निरुपयोगी'. काकांनी वाकून वाचलं आणि विचारलं, "हे रिव्हॉल्व्हरबद्दल की माझ्याबद्दल?" कारकुनानं शेऱ्याखाली शिक्का मारला.

दुसरं हत्यार परवान्यावर चढायला वर्ष गेलं असतं, आणि एका हाताच्या माणसाला नवा परवाना कोण देणार. मी म्हटलं, काका, पत्रातलं काय एवढं मनावर घेता, मुलाला लिहा की गंमत केली. ते म्हणाले, "त्याच्यापासून लपवायला माझ्याजवळ आता काही उरलं नाही." थंडी संपायच्या आत तिकीट आलं. त्यांनी घर आवरलं. दरवाजाच्या चौकटीवरची, आत त्यांच्या धर्मग्रंथातला मजकूर असलेली डबी मीच उचकटून दिली; एका हातानं त्यांना ती निघेना. एवढं एक काम माझ्या हातून न बिघडता झालं. बोटीवर पोचवायलाही गेलो.

पुढे काही आठवड्यांनी बाजारात तो आगरी शेतकरी भेटला. रताळ्यांची तिसरी लागवडही गेली होती. काका गेल्याचं त्याला कळलं होतं. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "डुकरं हाईत तितंच हाईत. तुमी म्हातारा तेवढा घालवलात."