प्रूफ फाटकावर, रेझिस्टंट लेबलावर

कारखान्यात तिला सगळे कात्री म्हणत. हातातल्या कात्रीमुळे नव्हे, तोंडातल्या. एकोणीस वर्षं एकाच मशीनवर बसून तिनं वेल्डरांचे जाड ॲप्रन शिवले, आणि तिच्या टाक्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ वेल्डर. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा, त्यामुळे त्याला तिनंच लहानाचा मोठा केला. त्याचा जुना ॲप्रन पार चिंध्या झालेला बघून तिनं कारखान्यातून नवा आणला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात घातला.

"पेटत नाही ना गं, ताई?"

"आमच्या फाटकावर हातभर अक्षरांत लिहिलंय, फायरप्रूफ. डोळे झाकून घाल."

तिसऱ्याच आठवड्यात वितळलेल्या लोखंडाचा गोळा त्याच्या मांडीवर पडला आणि ॲप्रनमधून आरपार गेला. पट्टी बदलताना भाऊ दात आवळून पडायचा, तिला मात्र बघवायचं नाही. "घाल" म्हणणारी तीच होती ना.

तो भोक पडलेला ॲप्रन घेऊन ती मॅनेजरच्या टेबलापाशी गेली.

"बाई, आपण फायरप्रूफ कुठे म्हणतो?" मॅनेजरनं लेबल उलटून दाखवलं. "हे वाचा. फायर रेझिस्टंट."

"आणि फाटकावर?"

"ती जाहिरात झाली. जाहिरातीत थोडं इकडंतिकडं चालतं."

"फरक काय दोन्हींत?"

"प्रूफ म्हणजे पेटणारच नाही. रेझिस्टंट म्हणजे ठिणग्या सोसेल, आग थोडा वेळ थोपवेल. तेवढ्यात माणसानं बाजूला व्हायचं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसाला दोनशे लेबलं ती शिवायची. त्यावरची इंग्रजी अक्षरं तिला नक्षीसारखी वाटायची, फक्त सरळ बसलीत ना एवढंच ती बघायची. खोटं होतं ते तिला वाचता येईल अशा अक्षरांत रंगवलेलं, आणि खरं होतं ते न कळणाऱ्या अक्षरांत तिच्याच सुईखालून गेलेलं.

"माझ्या भावानं बाजूला व्हायचं होतं होय? पत्र्याखाली उताणा पडून काम करतो तो!"

मॅनेजरनं फाईल उघडली. म्हणजे तुम्ही निघा.

पुढच्याच आठवड्यात मोठे खरेदीदार माल बघायला आले. मॅनेजरनं कोट सावरत लायटर पेटवला, ॲप्रनला क्षणभर लावला आणि काढला. नुसता काळा डाग पडला. पाहुणे खूश. तेवढ्यात कात्री मशीनवरून उठली.

"साहेब, काढलात कशाला? धरून ठेवा की."

"बाई, जागेवर बसा."

बसते कसली! तिनं लायटर त्याच्या हातातून हिसकला, ॲप्रनखाली धरला आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. बारापर्यंत धूर निघाला. सोळाला कापड लाल झालं आणि मधोमध भोक पडलं. त्यातून तिनं आपलं बोट बाहेर काढून दाखवलं.

"हे तुमचं प्रूफ!"

सगळी मशीनं थांबली होती. पाहुण्यांपैकी म्हाताऱ्यानं चष्मा चढवला, ॲप्रन उलटला आणि लेबल वाचलं.

"रेझिस्टंटच लिहिलंय की. मग कुणी भाजलं तरी आपल्याला अडचण नाही."

मॅनेजर ओरडला असता तर तिला चाललं असतं. त्या थंड आवाजानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लायटर टेबलावर आदळून ती बाहेर पडली. तिला कामावरून काढल्याचा निरोप दुपारीच घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जाड काळं पेन घेऊन भावाच्या वर्कशॉपात गेली. खुंटीवर तिच्या कारखान्याचे अकरा ॲप्रन होते. तिनं एकेक खाली काढला आणि छातीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'हा जळतो.'

"अहो बाई, असला ॲप्रन घालायचा कोणी?" एक वेल्डर हसला.

"घालायचा. पण भरवसा ठेवून उताणं पडायचं नाही. ॲप्रनच्या आत मांडीवर ओली गोणी घ्यायची, आणि पेटलं की ओढून फेकायचा. म्हणून मागच्या घट्ट गाठी काढून पुढं सरकगाठीचे बंद शिवते. एका झटक्यात निघेल."

 मग हसणाऱ्यानंच अंगातला ॲप्रन काढून तिच्यापुढे टाकला.

गल्लीत अशी नऊ वर्कशॉपं होती. संध्याकाळपर्यंत तिची पाच झाली. सहाव्याच्या मालकानं विचारलं, "कंपनीनं पाठवलं का तुम्हाला?"

"कंपनीनं?" ती म्हणाली. "कंपनीला लिहिता येतं दोन तऱ्हांनी. मला एकाच तऱ्हेनं येतं. आणा तो इकडं."