बाहेरची हवा

रोज दिवेलागणीला मनोहरभाऊ घरातून निघत, अंगणातल्या पिकअपमध्ये चढून बसत, आरसा नीट करत, डावीकडच्या रिकाम्या सीटवरची धूळ झटकत, इंजिन चालू करत आणि कुठेही जात नसत. गाडी जागच्या जागी थोडा वेळ धडधडत राही. मग ते इंजिन बंद करत, दार जपून लावत आणि लांबचा प्रवास करून आल्यासारखे नळावर हातपाय धुऊन घरात जात.

आम्ही त्यांच्या शेजारी नवे राहायला आलो तेव्हा या प्रकाराने मी वैतागून गेलो होतो. त्या गाडीचा धूर नेमका आमच्या स्वयंपाकघरात येई आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, भाजी परतता परतता खोकत असे. शेवटी एकदा मी कुंपणापाशी गेलो आणि म्हणालो, "भाऊ, कुठं जायचं नाही तं गाडी चालू काहून करता?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मीच खुळा आहे. "उभी गाडी बसते गा," ते म्हणाले. "अन् एकदा बसली का उठत नाही." एवढ्यात घरातून वाटीवर चमचा आपटल्याचा आवाज आला आणि ते बोलणं तिथेच सोडून आत गेले. त्यांची कितीतरी वाक्यं माझ्याकडे अशी अर्धीच राहिली आहेत.

चमचा शालूवहिनींचा होता. मनोहरभाऊंची बायको. लकवा मारून त्यांची उजवी बाजू गेली होती, जीभही जड झाली होती. काही हवं असलं की त्या डाव्या हाताने वाटीवर चमचा वाजवत. मुलगी लग्न होऊन रायपूरला. घरात ही दोघंच. त्याआधी मनोहरभाऊंची सगळी हयात रस्त्यावर गेली होती. सावनेर-काटोलकडची संत्री घेऊन कुठल्या कुठे जायचे आणि बहुतेक वेळा वहिनी शेजारच्या सीटवर असायच्या, मांडीवर भाकरीचा डबा घेऊन. कुठलं गाव कधी येणार आणि घरी पोचायला किती वाजणार, हे भाऊंनी कधी स्वतः पाहिलं नाही. ते वहिनी सांगायच्या आणि बरोबर निघायचं.

असा माणूस आता एका खोलीत राहत होता. आमची वस्ती कोराडी रोडवरची, कोळशाच्या वीजकेंद्राजवळची, त्यामुळे खिडकी उघडली की राख आणि उन्हाळ्यात वरून झळा. वहिनींची खाट खिडकीपाशी, उरलेल्या खिडक्या बंद. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तो इतका उंच, की भाऊंचं अंगण खड्ड्यात गेलं आणि गाडी बाहेर काढायला सरळ उभा चढ चढावा लागू लागला. दूध, औषधाचं दुकान आणि परत, एवढाच त्यांचा प्रवास उरला. त्यातही दुकानदाराने सुटे पैसे शोधायला वेळ लावला की हे "राहू दे, मंग घेतो" म्हणून निघत.

भाऊ देवमाणूस होते असं मी लिहिणार नाही. त्यांना ते आवडलंही नसतं. एका भर दुपारी ते कुंपणाशी आले, ओठ कोरडे पडलेले. म्हणाले, "अरुण, आज मी तिच्या हातचा चमचा काढून घेतला गा. खिशात टाकला अन् गाडीत जाऊन बसलो, काच वर करून." मग पुढे म्हणाले, "परत गेलो तं ती बोटानं खाटेची पट्टी वाजवून राह्यली होती. हळूहळू. मले आयकू येऊ नये असं." त्यांनी खिशातला चमचा काढून मला दाखवला आणि पुन्हा आत निघून गेले. त्या दिवसापासून मी धुराबद्दल तक्रार केली नाही.

या दोघांच्या संसारात एक जुनी चेष्टा होती. फार पूर्वी, ऐन मे महिन्यात, माल उतरवून परतवाड्याहून रिकामी गाडी घेऊन दोघं चिखलदऱ्याला निघाले होते. वहिनींना थंड हवेचं ठिकाण पाहायचं होतं. अर्ध्या घाटात, एका चहाच्या टपरीच्या वळणावर, गाडीने मान टाकली. बोनेटवर पाणी ओतलं, दगड लावले, वाट पाहिली, पण गाडी काही वर चढेना. दोघं तिथूनच परत आले. तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, "तुमच्या गाडीचा श्वासच लहान आहे जी." चारचौघांत भाऊंनी गाडीची बढाई मारली, की वहिनी हे वाक्य काढत. आता त्यांना ते बोलता येत नव्हतं, पण भाऊ ते विसरले नव्हते. तिला एकदा वर न्यायचं, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं.

त्या उन्हाळ्यात सलीम मिस्त्री बॅटरी बघायला आला आणि सहज बोलून गेला, "भाऊ, ये गाडी इंजिन के बाजू की गरम हवा खींचती है. पाइप डाल के सामने से बाहर की हवा दो, फिर देखो." तो निघून गेला आणि भाऊ पेटले. संध्याकाळी कुंपणाशी मला धडा मिळाला. "कूलर खोलीच्या आत ठेवला तं काय होते? उबारा! तीच हवा फिरते. म्हणून आपण खिडकीत ठेवतो, पाठ बाहेर करून. अन् हे इंजिन पाहाय, बोनेटच्या आत स्वतःचीच गरम हवा पिऊन राह्यलं. बाहेरची हवा पाहिजे गा!" मग थोडं थांबून, खिडकीकडे पाहत, आवाज उतरवून म्हणाले, "आपण बी तेच करून राह्यलो न. आपलीच हवा पितो."

मग आठवडाभर अंगणात ठोकाठोकी चालली. मनोहरभाऊंनी फिल्टरचा जुना डबा खोलला, पुढच्या जाळीमागून जाड पाइप आणला, जुन्या कूलरचा पत्रा कापून पाइप आणि इंजिनाच्या मध्ये आडोसा केला, सांधे पट्ट्यांनी आवळले. इथपर्यंत सलीमचंच ऐकलं होतं आणि इथेच थांबायला हवं होतं. पण भाऊ पडले नागपूरचे. आमच्याकडे थंड हवा म्हटलं की माणसाला ओली ताटीच आठवते. त्यांनी पाइपाच्या तोंडावर खसची, म्हणजे वाळ्याची, ताटी बांधली, तिच्यावर थेंब थेंब पाणी सोडायला कूलरचा छोटा पंप बसवला आणि पाण्याचा डबा टांगला. मी म्हणालो, "भाऊ, इंजिनाले कूलर लावून राहिले का?"

"मंग!" ते म्हणाले. "माणसाले लागते, त्याले नाही का लागत?"

उद्घाटनाला गल्ली जमली. वहिनींना उशा लावून खिडकीत बसवलं. गाडी सुरू झाली आणि अंगणभर खसचा असा सुवास सुटला की आमची सुनंदा म्हणाली, या गाडीला आता नैवेद्य दाखवा. भाऊंनी ऐटीत चढावर गाडी घातली. अर्ध्या चढावर गाडी खोकली, शिंकली आणि गचके खात फाटकात आडवी अडकून बंद पडली. पुढे नाही, मागे नाही. बोनेट उघडलं तर फिल्टर पाण्याने लदबदलेला आणि खसच्या काड्या चोंदलेल्या. आम्ही चारपाच जण घाम गाळत गाडी मागे ढकलत होतो, तेवढ्यात खिडकीतून एक विचित्र आवाज आला. मी घाबरून पाहिलं. वहिनी हसत होत्या. वाकड्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी काढत हसत होत्या. आजारपणानंतरचं ते पहिलं हसू. भाऊ हातातली ओली ताटी तशीच धरून बघत राहिले, आणि मग तेही फाटकात बसून हसले. त्यानंतर कुठे काही बिघडलेलं दिसलं, की भाऊ "ताटी काढ गा, हवा पुरे" म्हणत. ताटी काढली, नवा फिल्टर टाकला, आणि नुसत्या पाइपावर गाडी तो चढ खरोखरच एका दमात चढली.

पण वहिनींना घेऊन निघण्याआधी घाट एकदा पारखायला हवा होता. भाऊ "पाहू गा" म्हणत दिवस काढू लागले. तेव्हा वहिनींनीच एका सकाळी तोंड मिटून घेतलं. घास घेईनात. सुनंदाकडे बोट दाखवायचं, मग भाऊंकडे, मग गाडीकडे. "जा," एवढंच म्हणायच्या. सुनंदा दिवसभर त्यांच्यापाशी बसेल, मी भाऊंबरोबर जाईन, असं ठरल्यावरच त्यांनी चहाचा घोट घेतला.

वहिनींचं सकाळचं आवरून आम्ही आठ वाजून गेल्यावर निघालो. अमरावती रोडला लागल्यावर मनोहरभाऊंचा कोपर खिडकीबाहेर गेला आणि माझ्या शेजारी दुसराच माणूस बसला. समोरून येणाऱ्या ट्रकांना हात करत होता, मोठ्याने गात होता, टपरीवर दोन दोन कप चहा पीत होता. सुनंदाचा फोन आला, सगळं ठीक आहे म्हणाली. परतवाडा गेलं, घाट लागला. ऊन चढलं होतं, पण गाडी कुरकुर न करता वळणामागून वळण चढत गेली. मग ते टपरीचं वळण आलं. तिथे भाऊंनी गाडी बाजूला घेतली आणि उतरून बोनेटवर तळवा ठेवला.

"चला भाऊ," मी म्हणालो. "आता तं वर पोचलोच समजा."

"नाही गा. इथून पुढचं तिच्यासंगं."

मी चिडलो. एवढ्या लांब येऊन हे काय, असं काहीबाही बोललो. भाऊ दरीकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, "सकाळपासून भलतंच मोकळं वाटून राह्यलं मले. इतकं मोकळं का तिची आठवणच नाही आली रस्त्यानं. त्याचंच भेव वाटते. वर गेलो, अन् थंड हवा लागली, अन् परत याचं मनच नाही झालं तं?" मग त्यांनी गाडी वळवली. 

दिवे लागायच्या आत आम्ही अंगणात होतो. वहिनी खिडकीत वाट बघत होत्या. भाऊ आत गेले, खाटेवर बसले आणि माझ्यासमोर, तोंडावरची रेषही न हलवता म्हणाले, "गेलो वं शालू, पार वर गेलो. कुठं थांबली नाही गाडी. अन् वर अशी थंड हवा वं, भर मे महिन्यात अंगावर काटा आला! विचार अरुणले." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हौ वहिनी, शाल न्यायला पाहिजे होती." त्यांनी भाऊंचा हात डाव्या हातात घेतला आणि तळवा आपल्या गालाला लावून धरला. नंतर मी दिसलो की त्या विचारत, "हवा?" आणि मी, जो आयुष्यात कधी चिखलदऱ्याला गेलेलो नाही, रोज थोडी थोडी थंडी वाढवून सांगत असे.

वहिनींना झोपवून नेता यावं म्हणून भाऊंनी गाडीच्या मागच्या भागात खाटेचा सांगाडा बसवायला घेतला. तो अर्धाच झाला. हिवाळ्यात एका सकाळी दूध आणायला गेले आणि कोपऱ्यावरच कोसळले. आम्ही त्यांना उचलून घरी आणलं, तेव्हा आत चमचा वाजत होता. घरातल्या दोघांपैकी जायची तयारी वहिनींची आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. निघून गेले ते भाऊ, आणि तेही दूध आणायच्या वाटेवर. मला अजून त्याचा राग येतो.

मुलगी आली. तेरावं झाल्यावर आईला रायपूरला न्यायचं ठरलं, गाडीला सलीमने गिऱ्हाईक पाहिलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी वहिनींपाशी बसलो होतो. मी आपलं नेहमीचं सुरू केलं, की वहिनी, काय हवा होती त्या दिवशी वर. त्यांनी मान हलवली. मग एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलल्या.

"वर... नाई गेले. दिवे लागाच्या... आत आले तुमी." थोडा दम घेतला. "वर जाऊन... एवढ्यात... येनं होत नाई."

रस्त्यांचा सगळा हिशोब ज्या बाईच्या डोक्यात होता तिला आम्ही दोघं फसवायला निघालो होतो. मला मान वर करवेना. "मंग वहिनी, तेव्हाच बोलल्या काहून नाही?"

त्या खिडकीतून गाडीकडे बघत होत्या. "त्यायनं... आनली न हवा. माह्यासाठी." डावा हात गालापाशी गेला. "मी... घेतली."

बाहेर अंधारून आलं होतं. वहिनींनी चमचा उचलला आणि वाटीवर एकदा वाजवला. त्यांना काय हवं होतं ते मला विचारावं लागलं नाही. मी अंगणात गेलो, मनोहरभाऊंच्या जागेवर बसलो, शेजारच्या सीटवरची धूळ झटकली आणि इंजिन चालू केलं.