सगळ्या वर्गाचा एकच स्वभाव

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. पांढुर्ण्याला बी.एस्सी. केलं, वनस्पतिशास्त्रात वर्गात पहिली आले, आणि हे सांगताना मला लाजबीज वाटत नाही. पुढचं सांगताना वाटते.

शेवटच्या वर्षाला कॉलेजात करिअरचं शिबिर झालं. नागपूरहून दोन माणसं आली होती. त्यांनी साठ प्रश्नांचा पेपर वाटला, आमचं गाव मध्य प्रदेशात म्हणून हिंदीतला, आणि सांगितलं, यात चूक-बरोबर काही नाही, तुमचा स्वभाव कसा आहे आणि त्या स्वभावाला कोणतं काम मानवेल एवढंच यातून कळेल. आम्ही ते ऐकलं आणि सोडून दिलं. ज्या कागदावर गोल काळे करायचे असतात त्यात बरोबर उत्तर असतंच, आपल्याला सांगत नाहीत एवढंच.

सातवा प्रश्न अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्हाला कुठं बरं वाटतं? पुढे दोन गोल. 'अकेले' आणि 'लोगों के बीच'. मी पेन हातात धरून विचार केला. मला काय आवडतं याचा नाही, तपासणाऱ्याला काय आवडेल याचा. मला काय आवडतं हे घरी कोणी कधी विचारलं नव्हतं, भाजीचंसुद्धा नाही. एकटं राहणाऱ्याला नोकरी कोण देणार? मी 'लोगों के बीच' काळा केला. बाकीचे एकोणसाठही तसेच सोडवले.

मग पेपर जरा बाजूला सरकवून ठेवला. आमच्या वर्गाची ती रीत होती. पहिली येणारीनं झाकून लिहायचं नाही. झाकलं तर गर्व आला म्हणत आणि कोणी डब्यात वाटा देत नसे. मागच्या बाकानं माझं पाहिलं, त्याच्या मागच्यानं त्याचं. दुपारी निकाल लागला तेव्हा बेचाळीस जणांचा स्वभाव एकच निघाला. त्या दोघांतल्या मोठ्या गृहस्थांनी कागदांचा गठ्ठा दोनदा चाळून पाहिला. मग म्हणाले, या कॉलेजात तर सगळेच जन्मजात पुढारी आहेत. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मला त्या स्वभावाचं प्रमाणपत्र मिळालं. बाबांनी ते लॅमिनेट करून समोरच्या भिंतीवर लावलं. बाबा चौथी शिकलेले. दुसऱ्यांच्या नर्सरीत संत्र्याची कलमं बांधतात. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला चाकूनं चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा काढून त्या चिरेत बसवायचा, वरून पट्टी आवळायची. दिवसभर उकिडवं बसून, एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सरकत. दहावीपर्यंत मी सुट्टीत त्यांच्यासोबत जायची. तिथं कोणी बोलत नसे. चाकू, साल, पट्टी. संध्याकाळी मान वर केली की कळायचं, दिवस गेला. नर्सरीचा मालक म्हणायचा, "पोरीच्या हातचा डोळा मरत नाही." दहावीला चांगले मार्क पडले आणि बाबांनी माझ्या हातातला चाकू काढून घेतला. हे हात आता पेन धरायचे, म्हणाले. मला तेव्हा अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो. तीच तर अडचण आहे.

त्या प्रमाणपत्राच्या जोरावर सौंसरला नोकरी लागली. एका खाजगी कॉलेजसाठी मुलं जमवायची. पदाचं नाव काउन्सिलर. लोधीखेड्याला, बोरगावला, आडवाटेच्या गावांना जायचं, घरोघरी आईबापांना पटवायचं आणि उरलेल्या वेळात फोन करायचे. गळ्यात कार्ड आलं. ते पाहायला शेजारच्या बाया घरी येऊन गेल्या.

तीन वर्षं झाली. रोज सकाळी मला ओकारी येते. आधी वाटलं पित्त आहे. रविवारी येत नाही, तेव्हा पित्त नाही. एखाद्या दारासमोर उभी राहिले की कडी वाजवायच्या आधी मी मनात वीसपर्यंत मोजते, वीस झाले की पुन्हा एकपासून. कोणी दार उघडलं की माझ्या तोंडून एक बाई बोलू लागते, हसरी, भरभर बोलणारी. तिला मी ओळखत नाही. संध्याकाळी पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले की जबडा दुखत असतो. बाजूच्या बाईनं नुसतं "कुठं उतरता?" विचारलं तरी रडू येतं. आईला एकदा सांगितलं, की बोलून बोलून जीव जाते. ती दिवसभर दुसऱ्याच्या कपाशीत वाकलेली असते. म्हणाली, "बोलाचे पैसे भेटून राहिले तुले, अजून काय पाह्यजे?" तिचं चूक नव्हतं.

या हिवाळ्यात ऑफिसनं नवीन काम काढलं. शाळांमध्ये जाऊन बारावीच्या मुलांचा स्वभाव तपासायचा आणि त्या निकालावरून आमच्याकडचा कोर्स सुचवायचा. पेपर उघडला तर तोच. सातवा प्रश्न तसाच, गोलही तसेच.

सौंसरजवळच्या एका शाळेत चाळीस मुलांना मी तो वाटला. चूक-बरोबर काही नाही, हेही सांगितलं. दोन मिनिटांत सगळ्या माना पहिल्या बाकाकडे वळल्या. तिथं एक बारीक मुलगी बसली होती, दोन वेण्या, कागद जरा बाजूला सरकवलेला. 'लोगों के बीच' काळा करून तिची पेन्सिल सातव्यावरच थांबली होती. तिनं हात वर केला.

"ताई, यातलं बरोबर कोणतं?"

मी म्हटलं, तुला जे आवडतं ते.

"मले एकटं बरं वाटते," ती हळूच म्हणाली. "पण लिहू का?"

तो 'पण' माझ्या ओळखीचा होता. मी म्हटलं, "लिही."

तिनं आधी काळा केलेला गोल खोडला आणि 'अकेले' काळा केला. मागच्या बाकानं खोडरबर काढलं. मग ते त्याच्या मागच्यानं घेतलं. एकच खोडरबर सगळ्या वर्गातून फिरून आलं, आणि चाळीसच्या चाळीस मुलांना एकटं बरं वाटू लागलं.

ऑफिसात साहेबांनी कागद चाळले आणि मला उभं ठेवलं. म्हणाले, चाळीस एकलकोंडे घेऊन मी काय करू, त्यांचा कोर्स आपल्याकडे नाही. पुन्हा जा, पुन्हा लिहून घे, सातव्याचं उत्तर फळ्यावर सांग. एकही कागद वाकडा आला तर गळ्यातलं कार्ड टेबलावर ठेवून जा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी नर्सरीत गेले. बाबा रांगेत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले, त्यांच्या पिशवीतला दुसरा चाकू घेतला आणि एक डोळा बांधला. मग दुसरा. आठ वर्षांनी हाताला सगळं आठवत होतं. तिसऱ्याला पट्टी आवळत होते तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"काय करून राहिली?"

मी म्हटलं, "बाबा, तो भिंतीवरचा कागद खोटा आहे. मी त्या पेपरात खोटं लिहिलं होतं."

त्यांनी चाकूची धार अंगठ्यावर पाहिली. "पास तं झाली न?"

मी म्हटलं, मला तिथं जमत नाही, मला इथं बसावंसं वाटतं. एवढं बोलायला मला तीन वर्षं लागली होती. त्यांनी आजूबाजूच्या रांगांकडे पाहिलं, मग हात पुढे करून माझा चाकू घेतला, दहावीच्या सुट्टीत घेतला होता तसाच, न रागावता.

"ऊठ माय. लोक पाहून राहिले. इथं बसाचं होतं तं इतकी शिकली कायले?"

मी उठले. ओढणीला माती लागली होती, ती झटकली. माझ्या स्वभावाला जे काम मानवतं त्यातून मला बाहेर काढण्यात या माणसाची वीस वर्षं गेली होती, आणि मी त्यांना तेच काम परत मागत होते. याहून मोठा अपमान मी त्यांचा करू शकले नसते.

सोमवारी मी त्या शाळेत गेले. पेपर वाटले आणि फळ्यावर खडूनं लिहिलं, सातवा, दुसरा गोल. माझं अक्षर चांगलं आहे, शेवटच्या बाकापर्यंत दिसलं असेल. मुलांनी भराभर गोल काळे केले. त्या मुलीनं फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात वर केला नाही.

परतीच्या बसमध्ये मी गठ्ठा मांडीवर घेऊन मोजला. चाळीस. तिच्या कागदावर सातव्याचे दोन्ही गोल पांढरे होते. एकोणसाठ उत्तरं नीट, आणि ती एक जागा कोरी. या वेळी तिनं कागद झाकून लिहिला असणार, कारण बाकी कोणाचीच जागा कोरी नव्हती. म्हणजे आता तिला डब्यात वाटा मिळणार नाही.

माझ्या पर्समध्ये पेन्सिल होती. एक गोल भरायला किती वेळ लागतो? मी पेन्सिल काढली, टोक गोलावर टेकवलं. ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि कागदावर एक बारीक ठिपका उमटला. मी तो ठिपका खोडरबरनं पुसला. कागद गठ्ठ्यात होता तिथंच ठेवला आणि ऑफिसात तसाच दिला.

अजून फोन आलेला नाही. साहेब कागद उद्या पाहतील, नाहीतर परवा. कार्ड मी गळ्यातून काढून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलं आहे, मागितलं तर शोधावं लागू नये म्हणून. घरी शिरताना ते पुन्हा गळ्यात घालते.