अधिक महिन्यातला पेन ड्राइव्ह

सासूला जावयाची लाज वाटली, अशा गोष्टी पुष्कळ ऐकल्या आहेत. मला जावयासमोर स्वतःची लाज वाटली, आणि तीही कशावरून, तर एका पेन ड्राइव्हवरून. अजूनही दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या घरी कुणी लॅपटॉप उघडून बसलं की माझी कानशिलं तापतात.

मुलीच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत अधिक महिना आला. मुलगी विद्यापीठात संशोधन करत होती आणि जावई मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. मूळचे लातूरकडचे, डिप्लोमा झालेले, शिफ्टची नोकरी, कंपनीच्या बसने जाणं-येणं. लग्न मुलीने स्वतः ठरवलेलं. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते सुरुवातीला पचलं नव्हतं. "ती पीएच.डी. होणार आणि हा डिप्लोमा," एवढं एकच वाक्य ते कितीतरी दिवस घोळवत होते. मग लग्न पक्कं झालं आणि ह्यांनी पार उलटं टोक गाठलं. भेटेल त्याला जावयाचं कौतुक सांगायला लागले, इतकं की ऐकणाऱ्यालाच संशय यावा.

जावयांना हे कळत नसेल असं नाही. आमच्याकडे आले की ते सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे आणि पाणी पिऊन झालं की ग्लास स्वतः आत नेऊन ठेवायचे. या घरात एकदा तरी आपली किंमत दिसावी, ही त्यांची धडपड मला दिसायची आणि आत कुठेतरी तुटायचं.

तर, अधिक महिना. जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, कपडे करायचे. दिल्लीत सगळी हयात गेली तरी हे आमच्याकडे सुटलेलं नाही. उलट इथले मराठी लोक असल्या गोष्टी जरा जास्तच घट्ट धरून बसतात, आणि त्यात मी पहिली. वाणाच्या जोडीला आम्ही मुलीसाठी एक छोटा लॅपटॉप घेतला. तेव्हा तसले नवीनच निघाले होते. वहीएवढा, हलका, पण त्यात सीडी घालायला जागाच नाही.

मुलीच्या लॅबमधलं काम ज्या प्रोग्रॅमवर चालायचं, तो आपल्या नेहमीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत नसे. त्यासाठी तिला लॅपटॉपवर दुसरी सिस्टिम हवी होती, पहिलीला धक्का न लावता. ती दुसरी फुकट मिळायची. तिची फाइल ती लॅबमधून पेन ड्राइव्हवर घेऊन आली होती.

"सोमवारी लॅबमधल्या कुणाकडून तरी करून घेते," ती म्हणाली.

"त्यात काय, मी करून देतो की," जावई म्हणाले.

झालं. जेवायला आमच्याच सोसायटीतले काका-काकू आलेले होते. ह्यांनी त्यांना बेडरूमच्या दारापर्यंत नेऊन दाखवलं. "बघा, आमचे जावई. बिल्कुल एक्सपर्ट."

आता मी काय करत होते, ते सांगायला हवं. मी एका सरकारी खात्याच्या कॉम्प्युटर विभागात होते. लागले तेव्हा मोठ्या चौकोनी फ्लॉप्या होत्या. पुढे देश खुला झाला, मशिनी येतच राहिल्या आणि जुन्या कोपऱ्यात साठत राहिल्या. हुद्द्याचं नाव बदलत गेलं, पण काम तेच राहिलं. नवी मशीन आली की तिच्यात सिस्टिम घालायची, बिघडली की पुन्हा घालायची. घरी मी याबद्दल कधी बोलत नसे. ह्यांच्या लेखी मी रोज सकाळी 'ऑफिसला' जायचे, आणि तिथे फायली असतात एवढी त्यांची कल्पना होती. मीही ती मोडली नाही. आल्यावर पोळ्या करायच्याच होत्या.

जावयांनी पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू केला. आपली नेहमीची सिस्टिम उघडली. दुसरीचा पत्ताच नाही. मला दारातूनच कळलं. ती फाइल पेन ड्राइव्हवर नुसती ठेवलेली होती, गाणी ठेवतात तशी. पीठ डब्यात भरलं म्हणजे पोळी झाली असं नसतं. ती फाइल एका वेगळ्या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर उलगडून लिहावी लागते, तेव्हा कुठे मशीन त्यावरून सुरू होते. पण हे त्यांचं त्यांनीच शोधलं. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर इंटरनेट होतं, तिथे बसून त्यांनी वाचलं, तो प्रोग्रॅम उतरवला, पेन ड्राइव्ह नव्याने तयार केला. मला मनातून बरं वाटलं.

तरीही घोडं अडलंच. लॅपटॉप पुन्हा थेट जुन्याच सिस्टिममध्ये. मशीन सुरू होताना आधी कुठे बघायचं, याचा क्रम आतल्या एका पानावर ठरवता येतो. तिथे त्यांनी 'काढता येणारी वस्तू' पहिल्या नंबरावर नेली. काही नाही. परत पहिल्यासारखं केलं, दुसरंच काही बदललं, मशीन बंद करून चालू केली. काही नाही. प्रत्येक वेळी ते आधीचं जागेवर ठेवायचे आणि मगच पुढचं बदलायचे.

"एवढं का रे, सगळं एकदम बदलून बघ ना," मुलगी म्हणाली.

"नको. एका वेळी एकच. नाहीतर कशाने झालं ते कळत नाही."

तेव्हा मी हे ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. कारण मला उत्तर माहीत होतं. त्या जातीचे लॅपटॉप पेन ड्राइव्हला काढता येणारी वस्तू समजतच नाहीत, ते त्याला हार्ड डिस्क समजतात. म्हणून खालच्या हार्ड डिस्कच्या पानावर जाऊन तिथे पेन ड्राइव्हला वर आणावं लागतं. ऑफिसात हीच गोष्ट मी नव्या पोरांना भर सेक्शनमध्ये ओरडून सांगायचे. इथे एक वाक्य पुरलं असतं. पण धोंड्याच्या दिवशी, पाहुण्यांदेखत, सासूने जावयाला शिकवायचं? मी अनारसे तळायला निघून गेले.

ताटं वाढायची वेळ टळून गेली. जावई बसल्याशिवाय कुणी बसणार नव्हतं. काका घड्याळ बघायला लागले. शेवटी ह्यांना राहवलं नाही.

"जाऊ द्या हो जावईबापू. हे काही नटबोल्ट नाहीत. लॅबवाला करेल."

काका-काकू हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. जावईही हसले आणि त्यांचे कान लाल झाले. ते नवीन कपडे घालायला बाथरूममध्ये गेले.

मी हात धुतले आणि बेडरूममध्ये शिरले. मशीन चालू केली, ते पान उघडलं, पेन ड्राइव्ह वर नेला, सेव्ह केलं. पडद्यावर दुसऱ्या सिस्टिमचं चिन्ह आल्याची खात्री केली आणि बटण दाबून बंद केली. सगळं मिळून चहा उकळायलाही जास्त वेळ लागला असता. वळले तर दारात मुलगी, हातात औक्षणाचं तबक.

औक्षण झालं, जेवणं झाली. ह्यांनी आग्रह करकरून पुरणाचे धोंडे वाढले. जेवणानंतर जावई म्हणाले, "एकदा बघतो परत," आणि या वेळी ते चाललं. बाहेरून ह्यांचा आवाज सगळ्यात मोठा. काकांनी पाठ थोपटली. पुढचं काम जावयांनी इतकं जपून केलं की मी बघत राहिले. डिस्कची वाटणी करताना प्रत्येक ओळ वाचून मुलीला विचारत होते, हे चालेल का, यात तुझं काही नाही ना. सगळं उरकल्यावर त्यांनी ते सेटिंगचं पान पुन्हा उघडलं. त्यावर ते जरा जास्तच वेळ थांबले. मग झाकण लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, अनारसे छान झालेत," म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. मुलीने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"तू केलंस ना?"

"हळू बोल."

"तो शोधत होता, आई. तुला धीर निघाला नाही."

"अगं, सगळ्यांसमोर त्यांची..."

"सगळ्यांसमोर नाही. बाबांसमोर. तू बाबांना घाबरलीस."

मला राग आला. खरं बोललं की येतो तसा.

त्यानंतर ह्यांनी सोसायटीभर डांगोरा पिटला. जावई आले की कुणाचा ना कुणाचा लॅपटॉप आधीच येऊन बसलेला असायचा. ते करूनही द्यायचे, घरी अभ्यास करून आल्यासारखे. पण काम झालं की हातांकडे बघत बसायचे. हळूहळू त्यांचं येणं कमी झालं. मुलगी एकटीच मेट्रोने यायची, म्हणायची, शिफ्ट आहे. मी तिला पुढे विचारलं नाही, कारण उत्तर मला नको होतं. आपल्या घरात त्या माणसाला एकदा मोठं करायला गेले आणि त्याचा पायच इथून निघाला, हे मला कळून चुकलं होतं.

दिवाळसणाला मात्र त्यांना यावंच लागलं. उटणं लावून अंघोळ झाली, फराळाला बसलो, आणि खालच्या मजल्यावरचे पंजाबी शेजारी मिठाईचा डबा आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन हजर. "बेटा, बस दो मिनट का काम है." लॅपटॉप अगदी आमच्याच जातीचा, आणि त्यांनाही तीच दुसरी सिस्टिम हवी होती.

जावयांनी चिवड्याची बशी खाली ठेवली.

"बाबा, एक सांगायचंय. धोंड्याच्या दिवशी ते मला जमलं नव्हतं. आईंनी केलं होतं."

ह्यांनी शेजाऱ्यांना तेच हिंदीत सांगितलं आणि दोघंही मनापासून हसले. "देखा, कितनी नम्रता. सगळं श्रेय सासूला." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काहीतरीच काय," मी म्हणाले.

हे मी का बोलले, मला माहीत नाही. तोंडातून आपसूक निघालं. पहिल्यांदा निदान त्यांच्यासाठी केलं, असं मला म्हणता येत होतं. या वेळी मी त्यांना चारचौघांत खोटं पाडलं, तेही ते खरं बोलत असताना. मुलगी उठून गॅलरीत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जावई चिडले नाहीत. त्यांनी खिशातला पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. "मग आज तुम्ही करा. मी शेजारी बसतो."

माझ्या बोटांना चिवड्याचं तेल होतं. ते पदराला पुसलं आणि मी सुरू केलं. हातांना वाट पाठ होती. पान उघडलं तेव्हा जावई म्हणाले, "आता काय बदललंत?"

मी सांगितलं. ही मशीन पेन ड्राइव्हला हार्ड डिस्क समजते. मशीन चालू करताना तो लावलेला असेल तरच इथे दिसतो. इथून वर न्यायचा. दुसरी सिस्टिम उघडली. शेजारी म्हणाले, "वाह, भाभीजी."

"तुला हे येतं?" ह्यांनी विचारलं. पूर्वी कधी न पाहिलेली बाई बघावी तसे ते बघत होते.

"ऑफिसात हेच करते मी," मी म्हटलं.

शेजारी लॅपटॉप आमच्याकडेच ठेवून गेले, हे त्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेले. जावई अजून पडद्याकडे बघत होते.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "मी एका वेळी एकच गोष्ट बदलत होतो ना. जे मी बदललं नव्हतं, तेच बदललेलं दिसलं. मला वाटलं, तुम्ही सांगाल. मग वाटलं, आपण कसं विचारायचं."

"चारचौघांत तुमची शोभा नको, म्हणून..."

"आमच्या प्लांटमध्ये मशीन अडली की सीनियर सगळ्यांसमोर येऊन दाखवतो. कुणाला काही वाटत नाही. मला येत नव्हतं, आई, एवढंच होतं. त्यात लाजण्यासारखं काही आहे, हे तुम्ही ते लपवलंत तेव्हा मला कळलं."

त्यांनी स्वतःच पेन ड्राइव्ह काढला, टोपण लावलं आणि रिकाम्या बशा उचलून आत नेऊन ठेवल्या.