गिरमिटाची सुतळी

माझं काम उंदरांना कर्करोग द्यायचं. गावात कोणी विचारलं तर "लॅबमध्ये हाय" एवढंच सांगून मी मोकळी व्हायचे, कारण पुढचं ऐकलं की बायका तोंडाला पदर लावायच्या. छातीतल्या कर्करोगावर नवं औषध तपासायचं तर आधी तो रोग सगळ्या उंदरांना सारखा झालेला हवा. आणि नेमका तोच सारखा होत नव्हता.

भूल दिलेल्या उंदराच्या बरगड्यांमधून सुई घालायची, रोगाच्या पेशी आत सोडायच्या. सुई जरा खोल गेली की फुप्फुसाला भोक, उंदीर तिथंच संपला. जरा वर राहिली की पेशी कातडीखालीच राहणार आणि गाठ बाहेर येणार. माझे निम्मे उंदीर असेच वाया जायचे. सर म्हणायचे, हात स्थिर ठेव. अहो, हात स्थिरच होता! किती खोल जायचं ते कळत नव्हतं.

ते बाबांनी दाखवलं. बाबा धसईत सुतारकाम करायचे. एका रविवारी मी घरी हेच रडगाणं गात बसले होते आणि ते चौकटीला भोकं पाडत होते. त्यांनी हातातलं गिरमिट माझ्यापुढे धरलं. त्याच्यावर मापाने सुतळी गुंडाळलेली होती. सुतळी लाकडाला टेकली की थांबायचं.

"हाताचं ऐकू नको गो. सुतळी सांगल."

सोमवारी मी बारीक प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा कापून सुईवर चढवला. टोक उरलं अर्ध्या तांदळाएवढं. त्या खेपेला सुईने एकही उंदीर मेला नाही, सगळ्यांना रोग सारखा झाला. सरांनी पेढे वाटले. माझ्या वाटचे घेऊन मी धसईला गेले तेव्हा बाबा खोकत होते.

छातीत पाणी झालं होतं. मुरबाडहून मोठ्या इस्पितळात पाठवलं, तिथं निघालं ते माझ्या उंदरांचंच दुखणं. पाणी काढताना मी शेजारी उभी राहून सुई किती खोल जाते ते बघत होते. सांगायला लाज वाटते. पाणी पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा न्यायचं म्हणून मी सकाळची गाडी सांगितली. बाबा ओटीवर उशांना टेकून बसले होते. त्यांना आडवं होता येत नव्हतं.

"त्या सुतळीवाल्या उंदरांचं काय झालं गो?"

"एक पण वाया नाय गेला, बाबा."

ते खूश झाले. "मग औषध दिलं?"

"दिलं."

"बरं किती झालं?"

"तीन-चार झालं."

अंदाजे माप त्यांना कधीच खपलं नाही. "तीन का चार?"

"एक पण नाय."

फळी कमी पडली की हलवायचे तशी त्यांनी मान हलवली. "मग सकालची गाडी नको."

मी भांडले, रडले, नवीन औषधं येतायत म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. शेवटी मीच ड्रायव्हरला फोन करून नको म्हणून सांगितलं.

बाबांचं तेरावं करून कामावर गेले. नवे उंदीर आले होते. मी नळी कापली, सुईवर चढवली, अर्ध्या तांदळाएवढं टोक ठेवलं. एकही वाया गेला नाही.