गालावर पान घासणारी मावशी

कपाशीचं पान कधी गालावर घासून पाहिलंय का? नाही ना? मग कुठल्या वाणावर कीड जास्त पडते यावर तावातावाने बोलू नका. आधी आमच्या मावशीबद्दल वाचा.

मावशी बियाणं तपासणाऱ्या शेतावर किडे मोजायची. बारा वाफ्यांत बारा वाण, प्रत्येक वाफ्यात नंबराची पाटी. ऊन चढायच्या आत झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं पान अलगद उलटायचं आणि मागे बसलेले तुडतुडे मोजायचे. तिळाएवढा हिरवा किडा, चालतो तिरका. पानातला रस असा पितो की पान कडेने लाल होऊन वळतं. मावशी आकडा सांगायची, तिची जाऊ लिहायची. दोघी घरी बोलत नसत. शेतात मात्र आकड्यांपुरतं बोलणं होतं.

चार नंबरात आकडा कायम दोन-तीन. शेजारच्या पाचात सतरा-अठरा. नवे साहेब आले आणि वही बघून त्यांना संशय आला. दोन वाफ्यांत एक हाताचा बांध, तो किड्याला ओलांडता येत नाही होय? बाई सावलीत बसून आकडे ठोकते, असं त्यांनी चारचौघांत बोलून दाखवलं. खोटं सापडलं तर सोमवारपासून येऊ नका, हेही सांगून टाकलं. अकरा वर्षं वाकून मोजणाऱ्या बाईला! मी तिथे नव्हतो हे साहेबांचं नशीब.

मजूर घरी गेल्यावर साहेबांनी स्वतःच्या हाताने चार आणि पाचच्या पाट्या बदलल्या. बाई जुनेच आकडे सांगेल आणि सापडेल, असा डाव.

सकाळी मावशी चारच्या पाटीपाशी वाकली. सवयीने पान गालावर घासलं आणि थबकली. चारचं पान लवेचं, खरखरीत. हे तर गुळगुळीत! तिने पाटीच्या बुडाची ओली माती पाहिली, सगळं समजली आणि नेहमीसारखी पानं उलटायला लागली. मोजून सांगितलं, "चार नंबर. अठरा." जावेने पेन थांबवून डोळे वटारले. "लिही गं," मावशी म्हणाली, "पानावर आहे तेच लिही."

साहेब वही घ्यायला आले. चारचा आकडा एकदम अठरा कसा झाला, असं साळसूदपणे विचारलं.

"काय माहीत," मावशी म्हणाली. "काल संध्याकाळी कुणीतरी त्याची दाढी केलेली दिसते."

मग तिने दोन्ही वाफ्यांतलं एकेक पान आणून साहेबांच्या नुकत्याच गुळगुळीत केलेल्या गालांवर घासलं, एक इकडे, एक तिकडे. सगळे मजूर बघत होते. लवेच्या पानावर तुडतुड्याला ना नीट बसता येतं ना सोंड खुपसता येते. म्हणून तो बांध ओलांडतो आणि परत फिरतो. तरीही साहेबांना खात्री करायची होती. त्यांनी अठराच्या वाफ्यातलं पान झटक्यात उलटलं, सगळे तुडतुडे उडाले आणि साहेबांनी मोजले शून्य. जाऊबाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं, "लिहू का साहेब, शून्य?"

साहेबांनी पाट्या स्वतःच उपटून जागेवर लावल्या. सोमवारचं नाव पुन्हा निघालं नाही. उलट ते खुशीत येऊन म्हणाले की चार नंबरला कीडच लागत नाही असं लिहून टाकू. मावशीने वहीतला दुसरा रकाना त्यांच्या नाकासमोर धरला. पांढरी माशी: चारमध्ये सगळ्यांत जास्त. त्या माशीला लवच आवडते.

"एकीला नको ते दुसरीला गोड लागतं, साहेब," ती म्हणाली. "आमच्या घरात बघा." जाऊ पहिल्यांदाच हसली.

तेव्हा उद्या दुकानदार तुमच्यापुढे बियाण्याचं पाकीट आपटून म्हणाला, या वाणाला कीड लागत नाही, तर मान डोलवू नका. त्याला एवढंच विचारा: कुठली कीड, आणि मोजली कोणी?